टॉवरचे गणित आधी सोडवा, मग मारकडवाडीवर बोलू

वेळापुरात चहाच्या टपरीवर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आमचा एक तरुण कार्यकर्ता ठासून सांगत होता, "टॉवरवरून सिग्नल सोडतात आणि मशीनमधलं मत फिरवतात." आम्ही विचारले, "किती मेगाहर्ट्झवर? मशीनमध्ये अँटेना कुठे आहे? तिच्यात किती व्होल्ट तयार होतील?" तो हसला आणि म्हणाला, "दादा, ते परीक्षेपुरतं असतं."

या एका वाक्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. बूलियन अल्जेब्रा, फ्लिप-फ्लॉप, तरंगलांबी, अँटेनाचा गेन ही गणिते आपल्या पोरांनी रात्री जागून सोडवली, एटीकेटी काढत काढत सोडवली. पण ज्या दिवशी आपल्याच तालुक्यात, आपल्याच मताच्या प्रश्नावर ती गणिते कामाला यायला हवी होती, त्या दिवशी वही बंद राहिली आणि व्हॉट्सअॅप उघडे राहिले.

मारकडवाडी आपल्या माळशिरस तालुक्यातलीच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माळशिरस या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघातून राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तम जानकर निवडून आले. भाजपचे राम सातपुते पडले. पण मारकडवाडीत आकडे उलटे लागले. सातपुतेंना १००३ आणि जानकरांना ८४३ अशी मते वर्तमानपत्रांत छापून आली. गावकरी म्हणाले, आमच्या गावाचे मत असे नाही. त्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच्या खर्चाने, कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन ताळा करायचे ठरवले. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लावली, गावात पोलीस आणले. मतदान झालेच नाही. पुढे गुन्हे दाखल झाले.

आमची भूमिका आधीच स्पष्ट करतो, म्हणजे कोणी आम्हाला आयोगाचे वकील ठरवायला नको. मारकडवाडीचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. आपले मत नीट मोजले गेले का, हे विचारणाऱ्या गावाला पोलीस दाखवणे हा लोकशाहीचा अपमान होता. गावाने केलेला ताळा चुकीचा निघाला असता तर चुकीचा निघाला असता, त्यात राज्य बुडणार नव्हते. पण प्रश्न बरोबर असला म्हणून त्याच्यावर चिकटवलेले प्रत्येक उत्तर बरोबर होत नाही. टॉवरचे उत्तर चूक आहे. ते चूक आहे हे सांगायला आयोगाच्या प्रसिद्धिपत्रकाची गरज नाही, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची वही पुरते.

चला, वही उघडू.

पहिले उदाहरण लॉजिकचे. मशीनचे मुख्य भाग दोन. मतदाराच्या समोर असते ते बॅलट युनिट आणि केंद्राध्यक्षाजवळ असते ते कंट्रोल युनिट. दोन्ही केबलने जोडलेले असतात आणि आता मध्ये व्हीव्हीपॅट बसते. आतली खरी सर्किट जनतेसमोर नाही, म्हणून आपण अभ्यासापुरते सोपे मॉडेल घेऊ. केंद्राध्यक्ष 'बॅलट' बटण दाबतो तेव्हा एक फ्लिप-फ्लॉप १ होते. त्याला 'परवानगी' म्हणू. मतदाराने उमेदवाराचे बटण दाबले की तो दुसरा इनपुट. मत नोंदले जाण्यासाठी दोन्ही १ असावे लागतात, म्हणजे हे अँड गेट. मत नोंदले की फ्लिप-फ्लॉप परत ० होते. मग मतदाराने दहा वेळा बटण दाबले तरी ० आणि १ चा अँड शून्यच. एका युनिटवर १६ बटणे, म्हणजे कोणते दाबले हे सांगायला ४ बिट लागतात, कारण दोनचा चौथा घात १६. एका यंत्रात जास्तीत जास्त २००० मते नोंदता येतात, असे आयोग सांगतो. मग प्रत्येक उमेदवाराच्या काउंटरला किती बिट लागतील? १० बिटांत १०२३ पर्यंतच मोजता येते, ११ बिटांत २०४७ पर्यंत. उत्तर ११.

एवढे समजले की पुढचे उदाहरण मारकडवाडीच्याच आकड्यांवर करू. ८४३ बायनरीत लिहा. ५१२, २५६, ६४, ८, २ आणि १ यांची बेरीज, म्हणून ११०१००१०११. आता १००३ लिहा. तेच सगळे, शिवाय १२८ आणि ३२, म्हणून ११११०१०११. थांबा, हे नऊच अंक झाले. एक १ सुटला. बरोबर उत्तर १११११०१०११. (वहीत आमचीही हीच चूक झाली होती, मुद्दाम ठेवली आहे. बायनरी लिहून झाल्यावर अंक मोजायची सवय लावा.) आता दोन्हींचा एक्स-ऑर काढा. ००१०१०००००. म्हणजे फक्त दोन बिट वेगळे आहेत.

इथे एखादा यूट्यूबवाला ओरडेल, "बघा! दोन बिट फिरवले की ८४३ चे १००३ झाले! पुरावा सापडला!" आणि आपल्यातले शंभर जण ते पुढे पाठवतील. पण हा पुरावा नाही. कोणतेही दोन वेगळे आकडे घ्या, त्यांच्यात काही ना काही बिट वेगळे असणारच. आणि समजा एखाद्या भरकटलेल्या लहरीने एका उमेदवाराच्या काउंटरमधले हे दोन बिट खरेच फिरवले, तर १६० मते हवेतून वाढली. त्या केंद्रावर किती लोकांनी मतदान केले हे नमुना १७-क मध्ये लिहिलेले असते आणि त्याची प्रत पोलिंग एजंटला मिळते. एकूण बेरीज तिथेच फसेल. बेरीज न बिघडवता चोरी करायची तर एकाकडून जेवढी काढली तेवढीच दुसऱ्याला घातली पाहिजेत. असा हिशेब लहर ठेवत नाही, हिशेब ठेवतो प्रोग्राम. तेव्हा संशय घ्यायचाच असेल तर तो टॉवरवर घ्यायचा नाही. प्रोग्राम कोण लिहितो, कोण तपासतो आणि तो आपल्याला का दाखवत नाहीत, इकडे बोट वळले पाहिजे.

आता टॉवर. हे गणित जरा सावकाश करू, कारण सगळी भोंदूगिरी इथे भरली आहे.

मतदान केंद्रापासून ३०० मीटरवर मोबाईल टॉवर आहे असे धरा. ट्रान्समीटर २० वॉटचा, अँटेनाचा गेन ५० पट. गेन म्हणजे अँटेना वीज तयार करत नाही, असलेली वीज एका दिशेला एकवटते, बॅटरीच्या काचेसारखी. म्हणून आपल्या दिशेला जणू १००० वॉट आल्यासारखे होतात. त्या ठिकाणी विद्युत क्षेत्र किती? सूत्र वहीत आहे. ३० गुणिले पॉवर, त्याचे वर्गमूळ, भागिले अंतर. ३०,००० चे वर्गमूळ १७३, भागिले ३००, म्हणजे मीटरला सुमारे ०.५८ व्होल्ट. भिंत, छत, माणसे मध्ये धरलेलीच नाहीत, सगळे टॉवरच्या बाजूने धरले आहे.

आता ही लहर तारेत किती व्होल्ट तयार करेल? ९०० मेगाहर्ट्झ धरा. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्याला ९० कोटीने भागले की तरंगलांबी ३३ सेंटीमीटर. कोणी म्हणेल की बॅलट युनिटची केबल तर ५ मीटरची आहे, तीच अँटेना झाली. पण तार लांब म्हणून जास्त व्होल्ट मिळत नाहीत. दर अर्ध्या तरंगलांबीनंतर लहरीची दिशा उलटते आणि तारेच्या एका तुकड्यात जे तयार होते ते पुढचा तुकडा खाऊन टाकतो. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची परिणामी लांबी तरंगलांबी भागिले पाय, इथे १०.६ सेंटीमीटर. ०.५८ गुणिले ०.१०६ म्हणजे ०.०६ व्होल्ट. जुन्या टीटीएल चिपला १ म्हणून ओळख पटायला किमान २ व्होल्ट लागतात. ३३ पट कमी पडले.

बरे, पॉवर वाढवू. व्होल्ट ३३ पट हवे तर पॉवर ३३ चा वर्ग, म्हणजे हजारपटीहून जास्त लागेल. हजार वॉटचे दहा लाख वॉट. एवढी शक्ती गावावर सोडली तर आधी आसपासचे मोबाईल आणि टीव्ही गोंधळतील, आणि ते लपणार नाही. शिवाय ही लहर सेकंदाला ९० कोटी वेळा वर-खाली होते. बटण दाबले हे कळायला काही मिलिसेकंद तरी तोच सिग्नल टिकावा लागतो. म्हणजे ३३ पटींचा प्रश्न सोडवला तरी हा दुसरा उरतोच. लहर आपोआप बटण दाबत नाही. तिच्यावर बसवलेला संदेश काढून घेणारा रिसीव्हर आत असावा लागतो.

दुसरा प्रकार उलट्या टोकाचा. २१ जानेवारी २०१९ रोजी लंडनमध्ये सय्यद शुजा नावाच्या माणसाने पडद्यावरून पत्रकार परिषद घेतली आणि अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींनी यंत्रे हॅक केल्याचा दावा केला. पुरावा दिला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचाच व्हिडिओ महाराष्ट्राच्या निवडणुकीबद्दल फिरला आणि मुंबईच्या सायबर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. म्हणजे मारकडवाडी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिका छापत होती, त्याच सुमाराला. कमी फ्रिक्वेन्सीचे गणित तर दोन ओळींचे आहे. ३०० हर्ट्झ घ्या. तरंगलांबी १००० किलोमीटर. पाव तरंगलांबीचा अँटेना म्हणजे २५० किलोमीटर. आपल्या नौदलाला पाणबुड्यांशी बोलायला कमी फ्रिक्वेन्सी लागते. त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मनवर सव्वाचारशे मीटरहून उंच मनोरे उभे करावे लागले, आणि ती फ्रिक्वेन्सीही काही हजार हर्ट्झच्या घरातली. ज्याला हे माहीत आहे तो शुजाचा व्हिडिओ पुढे पाठवणार नाही. आपल्यातले किती जण ते जाणत होते आणि तरीही पाठवला, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता दुसरी बाजूही सांगू, कारण आयोगाचे समर्थक हे गणित उचलून "बघा, यंत्र निर्दोष" म्हणतील. ते खोटे आहे. २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे ब्लूटूथची फ्रिक्वेन्सी, तिची तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर आणि पाव लांबीचा अँटेना ३ सेंटीमीटर. तो कुठेही मावतो. २०१० साली हरी प्रसाद, अॅलेक्स हाल्डरमन आणि रोप खोंग्ग्राइप यांनी खऱ्या यंत्रावर हेच दाखवले. निकाल दाखवणाऱ्या डिस्प्लेच्या जागी हुबेहूब दिसणारा बनावट बोर्ड बसवला, त्यात ब्लूटूथ ठेवले आणि मोबाईलवरून निकाल बदलून दाखवला. सरकारने आभार मानायचे तर हरी प्रसाद यांना अटक केली. या प्रयोगाने काय सिद्ध झाले ते नीट वाचा. बाहेरून लहर सोडून यंत्र हॅक होत नाही. पण ज्याचा हात यंत्राच्या आत पोचतो तो सगळे करू शकतो. म्हणून स्ट्राँगरूमभोवती जॅमर लावा ही मागणी निरुपयोगी आहे. यंत्र कोणाच्या ताब्यात होते, सील कोणी लावले, नंबर कोणी टिपले, उमेदवारांची चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये कोणी आणि कशातून भरली, या मागण्या खऱ्या. शेवटच्या प्रश्नावर सनदी सेवा सोडलेल्या कन्नन गोपीनाथन यांनी २०१९ पासून बोट ठेवले होते. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका परत आणायला आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजायला नकार दिला, पण चिन्हे भरणारी सिम्बॉल लोडिंग युनिट सील करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवा, असा आदेश दिला. म्हणजे नेमका हा मुद्दा कोर्टात टिकला. टॉवरचा मुद्दा घेऊन गेलो असतो तर पहिल्याच तारखेला हसे झाले असते.

लहरींचे खरे प्रकरण हॉलंडमध्ये झाले आणि ते आपल्या वस्तीच्या फार जवळचे आहे. २००६ साली तिथल्या कार्यकर्त्यांनी दाखवले की मतदान यंत्रातून लहरी बाहेर गळतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून थोड्या गळतातच, कारण तारेत वीज वर-खाली झाली की ती तार लहानसा अँटेना होते. एका पक्षाच्या नावात डोक्यावर मात्रेसारखी खूण असलेले अक्षर होते. ते दाखवताना डिस्प्लेची फ्रिक्वेन्सी बदलायची आणि बाहेर साधा रेडिओ घेऊन बसलेल्याला कळायचे की आत त्या पक्षाचे नाव झळकले. मत फिरले नाही, मत फुटले. तिथल्या सरकारने आधी एका बनावटीची आणि पुढच्या वर्षी उरलेलीही यंत्रे बाद केली.

मत फुटणे. आपल्यासाठी हा शब्द पुस्तकी नाही. ज्या गावात रोजगार एकाच वाड्यावर मिळतो, विहिरीचे आणि रस्त्याचे भांडण मिटलेले नाही, तिथे "वस्तीने कोणाला मत दिले" हे कळणे म्हणजे पुढची पाच वर्षे. आणि हे कळायला आपल्याकडे रेडिओ लागत नाही. यंत्र मोजणीला आले की त्या केंद्राचा निकाल उमेदवारनिहाय समोर येतो. जिथे वस्तीचे केंद्र वेगळे आहे तिथे वस्तीचे मत संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला पाठ असते. कागदी मतपत्रिकांच्या काळात, दहशतीची भीती असेल तर वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका मोजणीआधी मिसळायची सोय निवडणूक नियमांत होती. यंत्र आले आणि प्रत्येक केंद्र उघडे पडले. आयोगाने २००८ मध्ये टोटलायझरचा प्रस्ताव दिला. अनेक यंत्रे एकत्र जोडून फक्त बेरीज दाखवणारे उपकरण. मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते स्वीकारले नाही.

टोटलायझर म्हणजे काय? दुसऱ्या सत्रातला अॅडर. १४ यंत्रे, प्रत्येकी जास्तीत जास्त २००० मते, म्हणजे २८,०००. १४ बिटांत १६,३८३ पर्यंत जाते, १५ बिटांत ३२,७६७ पर्यंत. पंधरा फुल अॅडर एकापुढे एक. हे सर्किट आपल्या पोरांनी ब्रेडबोर्डवर लावलेले आहे. ज्या उपकरणाने हजारो वस्त्यांचे मत झाकले गेले असते ते एवढेसे आहे, आणि आपल्या चळवळीतल्या किती सभांत त्याचे नाव आपण ऐकले? आम्ही तरी मोजून सांगू शकतो, एकदाही नाही. जॅमरचे मात्र दरवेळी ऐकले.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवणार नाही. मारकडवाडीला संशय घेता आला तो केंद्राचा आकडा समोर आला म्हणूनच. टोटलायझर असता तर १००३ आणि ८४३ दिसलेच नसते. मग गुप्तता हवी की पडताळणी? आमचे मत असे की दोन्ही एकत्र मिळू शकतात आणि दोन्ही मागितली पाहिजेत. एका फेरीतल्या चौदा केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या एकत्र मिसळून मोजाव्यात आणि टोटलायझरच्या बेरजेशी जुळवाव्यात. केंद्राचे एकूण मतदान नमुना १७-क वरून तपासावे, त्यात कोणाला किती हे नसते. चोरी झाली तर चौदांच्या बेरजेत सापडेल, आणि वस्ती उघडी पडणार नाही. मारकडवाडीच्या माणसांना हे पटेल का? कदाचित नाही पटणार. त्यांना स्वतःच्या गावाचा हिशेब हवा आहे, आणि बहुसंख्य गावाला ते परवडते. वीस घरांच्या वस्तीला परवडत नाही.

सध्याची पडताळणी किती तोकडी आहे तेही एका गणितात पाहा. ८ एप्रिल २०१९ च्या आदेशानुसार एका विधानसभा क्षेत्रातल्या पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. उदाहरणासाठी ३४० केंद्रे धरा आणि त्यातल्या १० यंत्रांत गडबड आहे असे धरा. पाच चिठ्ठ्या उचलल्या, त्या पाचही चांगल्या निघण्याची शक्यता किती? ३३० भागिले ३४०, गुणिले ३२९ भागिले ३३९, असे पाच वेळा. उत्तर ०.८६. म्हणजे शंभरातल्या ८६ वेळा गडबड सुटून जाईल. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायाधीशापुढे, कोणत्याही चॅनेलवर मांडा. त्याला "अफवा" म्हणून उडवता येत नाही. आणि २०२४ च्या निकालाने दिलेली यंत्र तपासून घेण्याची सोय फक्त दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आहे, ती सुरू झाली तेव्हा एका संचामागे ४७,२०० रुपये भरून, आणि तपासणारे इंजिनिअर ज्या कंपनीने यंत्र बनवले तिचेच. वर्गणी काढून लढणाऱ्या आपल्या उमेदवाराने हे पैसे कुठून आणायचे? त्याच वर्षी २० डिसेंबरला, मारकडवाडीनंतर तीन आठवडे होत नाहीत तोच, निवडणूक नियम बदलून सीसीटीव्हीसारख्या नोंदी जनतेला पाहायला मिळण्याची वाट अरुंद केली. गणित आले नाही तर या बदलाची किंमतही कळत नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो मोठा आहे. उसतोडीला जाणाऱ्या बाईने स्वतःच्या मतावर विश्वास ठेवायला तरंगलांबी शिकायची का? नाही, अजिबात नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी हेच सांगितले. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय नागरिकाला तपासता आले पाहिजेत, ते येत नसतील तर ती यंत्रे घटनाबाह्य. हा निकाल आपल्या बाजूचा सर्वात भक्कम दगड आहे. त्या बाईला गणित करावे लागू नये अशी व्यवस्था मागायची आहे. पण ती मागणी मांडणाऱ्या कार्यकर्त्याला गणित आलेच पाहिजे. नाहीतर समोरचा तज्ज्ञ आपले टॉवरचे वाक्य पकडतो, ते पाच मिनिटांत खोडतो, आणि त्याच्याबरोबर त्या बाईची खरी तक्रारही कचऱ्यात जाते. मारकडवाडीचे नेमके हेच झाले. गावाची साधी मागणी होती, मोजून दाखवा. टीव्हीवर चर्चा मात्र हॅकिंगवर रंगली.

आणि मतपत्रिकेचे गोडवे गाणाऱ्यांनीही जरा आठवावे. १९५२ ची निवडणूक कागदावरच झाली होती. तिच्यात हरल्यावर बाबासाहेबांनी अशोक मेहतांसह निवडणूक याचिका दाखल केली होती. त्यांनी कागदाला पवित्र मानले नाही, मोजणीला आणि प्रचाराला प्रश्न विचारला. तोच माणूस १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आपला मताधिकार आकडेवारीनिशी मागत होता. आणि २९ ऑक्टोबर १९४२ ला व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितले ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी पैसे. कला आणि कायदा शिकून भागणार नाही, हे स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने लिहिले. आज आपल्या घराघरांत डिप्लोमा, बीई झालेली पोरे आहेत ती त्या मागणीच्या वाटेवरची. त्यांनीच "ते परीक्षेपुरतं" म्हणायचे?

विहारातल्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पुस्तके आहेत, असू द्या. पण आठवड्यातून एक संध्याकाळ फळ्यावर ही उदाहरणे सोडवा. प्रश्न इंग्रजीत लिहा, कारण परीक्षा इंग्रजीत आहे आणि इंग्रजी आपण सोडणार नाही. समजावून सांगा मात्र आपल्या मराठीत, "गेट", "वेव्ह", "गेन" असेच म्हणत. विद्युतचुंबकीय तरंगप्रसारण वगैरे म्हणून पुन्हा नवे संस्कृतचे कुंपण घालू नका. शिकवायला बाहेरचा प्राध्यापक आणू नका, ज्याची एटीकेटी याच विषयात लागली होती त्यालाच उभा करा. कुठे अडते ते त्याला ठाऊक असते.

टपरीवरच्या त्या तरुणाला आम्ही तिथेच, वहीच्या मागच्या पानावर टॉवरचे गणित घातले होते. अंतर ३०० ऐवजी ५० मीटर घ्यायला सांगितले. त्याने क्षेत्र काढले, मीटरला ३.५ व्होल्ट. १०.६ सेंटीमीटरने गुणले, ०.३७ आले. दोन व्होल्टला पाच पट कमी. बराच वेळ पानाकडे बघून तो म्हणाला, "मग दादा, मारकडवाडीचं काय झालं असेल?" आम्ही म्हणालो, माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचा रस्ता चिठ्ठ्या मोजण्यातून जातो. येत्या निवडणुकीत वेळापूरच्या केंद्रांवर आपले एजंट बसतील तेव्हा प्रत्येकाच्या हातात नमुना १७-क ची प्रत आणि कंट्रोल युनिटचा व सीलचा नंबर लिहिलेला कागद असेल, ही जबाबदारी त्याने घेतली आहे. टोटलायझरचे पंधरा अॅडर ब्रेडबोर्डवर लावून दाखवायचेही त्याने कबूल केले आहे. चिपा आम्ही आणून देणार आहोत.